जिन्यावरची बाई

माझ्या कादंबरीतली बाई, क्लोरिंदा,
मार्चपासून जिन्यावर उभी आहे.
एक पाय सातव्या पायरीवर, दुसरा अधांतरी,
हातात कंदील.
वर कोणीतरी खोकलं, म्हणून बघायला निघाली होती.
तेवढ्यात इसोल उठली.

मग इसोलचे दात आले. मग नेहुएनला कांजिण्या.
मग पुंता अरेनासचा हिवाळा,
दहाला उजाडतं न उजाडतं
तोच दिवस आवराआवर करू लागतो.
मग एव्हारिस्तोची फेरीबोटीवरची पाळी बदलली.
क्लोरिंदा तिथेच.
कंदिलातलं तेल खरं तर
केव्हाच संपायला हवं होतं,
त्याकडे मी काणाडोळा केलाय.

लिहिते न्हाणीघरात, पालथ्या बादलीवर बसून,
इसोल टबात बदक बुडवत असते तेव्हा.
एक डोळा पाण्यावर, एक वहीवर.
कागद दमटतो, पेन रुसतं,
शिसपेन तेवढी इमानी.
चार ओळी किराणाच्या पावतीमागे,
एक विशेषण लसीच्या कार्डावर, कडेला.
नर्सनं चष्मा सारखा करत विचारलं,
‘भेगाळलेली’ ही कुठली लस?

सासूबाईंचा चिलोएहून फोन येतो.
लिही हो, म्हणतात,
पण पोरांना वाऱ्यावर सोडू नकोस.

वाऱ्यावर!
या गावात कोण काय सोडतं वाऱ्यावर?
वसंतात वारा माणसं उचलायला लागला
की चौकात दोर बांधतात इथे.
दोर धरून आम्ही बालवाडीला जातो.
एका हातात दोर, दुसऱ्यात नेहुएन,
पोटाशी बांधलेली इसोल,
आणि दातांत घट्ट धरलेलं
एक वाक्य.
फाटकाशी पोचेपर्यंत अर्धं उरतं.
क्रियापद गेलेलं असतं सामुद्रधुनीत.

एव्हारिस्तो भला माणूस आहे.
रविवारी म्हणाला, दोघांना नेतो मी, तू लिही.
नेलंन.
तीन तास. घरात चिटपाखरू नाही.
मी ओटा पुसला.
मोज्यांच्या जोड्या लावल्या, एक मोजा एकटाच उरला,
त्याचा जोडीदार शोधला पलंगाखाली.
मग खिडकीशी बसले
आणि पोरांची इतकी आठवण आली
की रागच आला.
क्लोरिंदानं मान वळवून पाहिलं माझ्याकडे.
शप्पथ.

काल रात्री नेहुएनला झोप येईना.
कोल्ह्याची गोष्ट संपली, पेंग्विनची दोनदा संपली,
माझ्याकडे काहीच उरलं नाही
म्हणून म्हटलं, एक बाई आहे. जिन्यावर उभी.
कधीपासून?
तू चार वर्षांचा होतास, तेव्हापासून.
तो उठूनच बसला.
पाय नाही दुखत तिचा?

आठ महिन्यांत
एकदासुद्धा मनात आलं नव्हतं माझ्या.

बसव ना तिला, म्हणाला.
पायरीवर बस म्हणावं.
आणि स्वतः आडवा झाला, माझा उजवा दंड उशाला घेऊन,
आणि झोपला, दिवा मालवल्यासारखा.

मुंग्या आलेला हात तसाच ठेवून
मी डाव्या हाताने त्याची चित्रवही ओढली.
हिरवा खडू सापडला, बोटाएवढा.
अंधारात, ओळ सोडून, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं:
क्लोरिंदा पायरीवर टेकली.
कंदील बाजूला ठेवला. पोटरी चोळली.
वर पुन्हा खोकलं कोणीतरी.
आले, ती म्हणाली, थांब जरा.

सकाळी पाहते तर इसोल पलंगावर चढलेली,
तोंड हिरवं.
पानाचा कोपरा खाल्लाय तिनं.
‘थांब’ गेलं.
‘जरा’ आहे अजून.